तांबडी पेन्सिल

माझ्या कादंबरीत राजधानी दिल्लीला परत गेलीच नाही.
सुलतानाचा लहरी हुकूम देवगिरीवर टिकून राहिला,
पाण्याची सोय झाली, लोक रुळले,
आणि सहाशे वर्षं मी आठ वह्यांत बसवली.

औशाच्या इफ्तेखार सरांनी त्या वाचायला घेतल्या.
एकतीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस,
बशीतला चहा निवेपर्यंत बोलायचा नाही.
मग म्हणाले, "हा कंडक्टर कोण, दिगंबर लोखंडे?"
मी म्हटलं, आहे एक, आमच्या निलंगा गाडीवर.
"सहाशे वर्षांची लग्नं तू मोडलीस, बाई.
कुणाची वरात कुठल्या वेशीतून वळली असेल,
आणि शेवटी तरी तोच दिगंबर?
कानावर तीच पेन्सिल?"
खोडला.

दुसऱ्या वहीत सीताफळं होती,
किल्ल्याच्या पायथ्याशी, पाटीत.
"समुद्रापलीकडचं झाड हे.
जहाजं येतील, मी नाही म्हणत नाही,
पण त्याच साली, त्याच बंदरात, तीच बी घेऊन?"
सीताफळ गेलं. हिरवी मिरची गेली.
भुईमुगापाशी मी भांडले,
ठेचा नाही तर माझी माणसं भाकरी कशाशी खातील?
"जवसाच्या चटणीशी," सर म्हणाले. "कारळाच्या. शोध."

चौथ्या वहीत एकजण 'टाइम झाला' म्हणाला होता.
तिथं त्यांनी नुसतं वर बघितलं.

योगायोग वाईट नसतो, म्हणायचे,
एखादा चालतो, मिठाएवढा.
पण तू जग बदलतेस
आणि ओळखीचं सगळं परत आत आणतेस
लेकरानं चड्डीच्या खिशात चिंचा आणाव्यात तसं.

आठवी वही द्यायची मी टाळत राहिले.
दोनदा विसरले म्हणाले, एकदा ताप आला म्हणाले.
तिच्यात तेरणाकाठचं आमचं गाव होतं,
गणपती बोळवून उशिरा निजलेलं,
दोन हात रुंद भिंतींच्या आत,
आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी.
फक्त माझ्या वहीत माझी बहीण कौतिका
तहान लागून अंगणात आली होती.

भूकंप सरांनी खोडला नाही.
"राजधानी कुठंय हे जमिनीला ठाऊक नसतं.
तिचं आतल्या आत कधीपासून चालू असतं.
काहीजण धरणाच्या पाण्याला बोल लावतात,
तसं असेल तर हाही जायला हवा.
नक्की नाही. राहू दे."
पेन्सिल तहानेपाशी थांबली.
"नेमकी त्याच मिनिटाला? कोण विश्वास ठेवील?"

मी काही बोलले नाही.
रांजणाचं गार पाणी, पितळी तांब्या,
उंबऱ्याबाहेर पडलेला माझाच पाय,
हे सांगून उपयोग नव्हता.
'घडलं होतं, हे कारण होत नाही':
दुसऱ्या वहीच्या समासात त्यांनीच लिहिलेलं.

तहान मीच खोडली.
मग गावही, कारण एवढं सगळं फिरल्यावर
माणसं नदीच्या त्याच वळणावर कशाला वसतील?
कौतिका तर कुठून जन्मणार.
आता तिथं पोटऱ्यात आलेली ज्वारी आहे.
चारला चार मिनिटं कमी असताना रान हलतं,
एक टिटवी ओरडत उठते,
बांधावरचे दोन-तीन धोंडे घरंगळतात.
सकाळी कुणाला काही कळत नाही.

"आता पटतं," सर म्हणाले,
आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

परतीच्या गाडीत दिगंबर होता.
मागच्या खेपेचे दोन रुपये माझे त्याच्याकडे राहिले होते,
मी विसरले होते, त्यानं आठवणीनं दिले.