१००७

अशोकस्तंभाजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर
जन्माच्या जुन्या नोंदवह्या स्कॅन होऊन पडल्यात.
चाळीस हजार फायली.
उघडली की पान दिसतं : उडालेली शाई, वाळवीची वाट,
आणि नावाच्या रकान्यात,
‘अद्याप ठेवले नाही’.

पण माझं काम पानाशी नाही,
पानाच्या पाठीला चिकटलेल्या चिठ्ठीशी आहे.
फाईल कुणाची, कधी ठेवली, शेवटचा हात कधी लागला,
वजन किती, वाचायची मुभा कुणाला.
यंत्र ही चिठ्ठी इमानाने लिहितं, पण स्वतःपुरती.
आकड्यांची सलग ओळ, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही.

गडबड अशी की दोनशे चौदा पानं
मागेपुढे लागत होती.
तीन दिवस मी कोडकडे बघत बसले, कोड माझ्याकडे.
चौथ्या दिवशी म्हटलं, आधी चिठ्ठ्या तरी वाचू.

तीसेक ओळी लिहिल्या. थोर काही नाही,
आकडा घ्यायचा आणि माणसाला कळेल असा बोलायचा.
६४४ : मालकाने लिहावं, बाकीच्यांनी नुसतं वाचावं.
१५५२३५८४१७ : बारा मार्च दोन हजार एकोणीस, मंगळवार,
दोन वाजून चाळीस मिनिटं, सतरा सेकंद.
मालक :
इथे इतर फायलींना नावं होती, सरला, किरण, वाबळे.
या दोनशे चौदांना नुसतं १००७.

खातं पुसलं की नाव जातं, आकडा राहतो.
यंत्र त्या जागी दुसऱ्याचं नाव लावत नाही,
एवढं त्याचं बरं.

‘वाबळेकाका, एक हजार सात कोण?’
काकांनी स्कॅनरची काच पुसता पुसता सांगितलं,
‘सुदाम काहंडोळे. पेठकडचा. काढला त्याला.
रात्री अडीच-पावणेतीनला फायलींत हात घालायचा.
पैसे घेऊन तारखा बदलतो म्हणाले.
साहेबांकडे छापील कागद होता, वेळेसकट.’

दोन-चाळीस.
पण कुठले दोन-चाळीस?

जुनं स्कॅनिंगचं मशीन
ग्रीनिचच्या घड्याळाने जगत होतं.
त्याला नाशिक माहीत नव्हतं.
नवं मशीन इथली वेळ लिहायचं,
म्हणून तर पानं एकमेकांच्या अंगावर चढली होती.
साडेपाच तास कुणीच मिळवले नव्हते.
मी एक ओळ वाढवली, एंटर दाबलं.

सकाळचे आठ दहा.
पेठची पहिली एसटी सावळघाट चढून
सीबीएसला लागते साडेसातला.
तिथून चालत आला असेल, डबा खिळ्याला टांगला असेल,
आणि पहिलं पान काचेवर ठेवलं असेल.

हजेरीच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर नंबर सापडला.
तो आता दिंडोरीला द्राक्षांच्या पॅकिंगला आहे.
मागे क्रेट आपटल्याचे आवाज.
मी साडेपाच तासांचं सगळं सांगितलं, जरा घाईनेच,
जणू मीच उशीर केला होता.

‘मॅडम, तेव्हाच बोललो होतो मी.
बसचं तिकीटबी दाखवलं.’
‘मग?’
‘वाचता येईना म्हणाले. खिशात भिजलं होतं.’

पुढे काय बोलावं मला सुचेना.
त्यालाच सुचलं.
‘सत्तेचाळीस नंबरच्या वहीत एक पान उलटं लागलंय माझ्याकडून.
शेवटून तिसरं. तेवढं सरळ करा.’

कागद छापून साहेबांच्या टेबलावर ठेवला,
वर पेपरवेट, कारण पंखा चालू होता.
मग सत्तेचाळीसवी वही उघडली,
शेवटून तिसरं पान.

खरंच उलटं होतं.