म्यान

घरात एक म्यान होतं. आत काही नव्हतं.
वाकडं, टोकाची चांदी झिजलेली,
विजेच्या बिलांशेजारी खिळ्याला टांगलेलं.
अम्मा त्यात उदबत्त्या ठेवायची.
जंबिया गढीवर राहिला म्हणतात.
गढी खाली करताना पणजोबांच्या आजोबांनी
बोरीकडच्या दरवाज्यात तो जमिनीवर ठेवला,
साहेबाच्या कारकुनाने मोजून घेतला,
आणि सगळ्या अरबांना जहाजाच्या वाटेने चालवत नेलं.
हा एक चालला नाही.
ताप होता. किंवा कुणी बाई होती.
दोन्ही गोष्टी आम्ही सांगतो, पाहुणा बघून.

तेव्हापासून अमळनेरात आम्ही अरब.
हजेरीत अरब, रेशनकार्डावर अरब,
"अरबना काटावर चाल" म्हणतात कपाशीचे ट्रॅक्टरवाले.
अरबी येते नमाजापुरती.
भांडायला अहिराणी.
तहसीलात दाखल्याला गेलो
तर खिडकीतल्या देवरेंनी चष्मा कपाळावर सारला:
"तुना आजा कथाईन उना रे भो?"
गढीमागच्या गल्लीतून, म्हटलं.
ते हसले. मीही हसलो.
दाखला अजून मिळायचाय.

धाकटा अवद अमेरिकेत गेला, डिअरबॉर्नला.
मोटारींच्या कारखान्यांचं गाव, बेकरीवरही अरबी पाट्या.
त्याला वाटलं, आता आपल्यांत जातोय.
म्यान सोबत नेलं.
विमानतळावर विचारलं, यातलं हत्यार कुठे?
म्हणाला, दोनशे वर्षं झाली.

दुकानाचा मालक बाहमीद, म्हातारा, हद्रामौतचा.
याचा बाप तिथे भट्टीवर लोखंड ओतायला आला होता,
ओतता ओतता एक डोळा घालवून बसला.
पहिल्या दिवशी त्याने विचारलं, कुठल्या वादीतला तू?
बोरीच्या, अवद म्हणाला.
म्हाताऱ्याने बराच वेळ आठवून पाहिलं.
पाणी असतं का तिला?
पावसाळ्यात.
मग वादीच ती, म्हातारा म्हणाला,
आणि खजुराची खोकी उचलायला लावली.
बाकी दुकानात त्याचं नाव पडलं अल-हिंदी.
दोनशे वर्षं अरब म्हणून घ्यायचं
आणि अरबांत पोचलं की हे.

तिकडे शिरगणतीचा फॉर्म येतो, चौकोनांचा.
बाहमीद 'गोरा'वर खूण करतो,
सरकारने तेच सांगितलंय त्याला कायम.
त्याची नात रौदा मात्र खालच्या रेघेवर
पेन दाबून दाबून लिहिते अरब, कागद फाटेस्तोवर.
"रांगेतून बाजूला काढतात तेव्हा गोरे असतो का आपण, जिद्दी?"
जिद्दी म्हणजे आजोबा. मला ते आपल्यातलं जिद्दी वाटलं,
तेही चाललं असतं.

अवदचा फोन आला. तिथे दुपार,
इथे साडेनऊ, काट्यावर शेवटची गाडी.
भाऊ, मी काय लिहू?
मी विचारात, आणि बेटावदचा ड्रायव्हर अंगावर आला:
"अरे अरब, रिकामी गाडी कोन मोजी? तुना बाप?"
खरंच विसरलो होतो.
भरलेली मोजली, रिकामी न मोजताच पावती फाडली.
मी त्याच्या बापावर गेलो, तो माझ्या,
हमाल मध्ये पडले, एकाची टोपी उडाली.
कानाला लावलेल्या फोनात अवद हसायला लागला.
हसला, हसला,
मग तो आवाज हसण्याचा राहिला नाही.
मी फोन तसाच ड्रायव्हरकडे दिला.
"कोन रे?" तो म्हणाला. "अवद? तू कव्हय ई ऱ्हायना?"

काय लिहिलं, त्याने सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.

भिंतीवर म्यानाच्या जागी
जुन्या चुन्याचा वाकडा पट्टा राहिलाय, बाकी भिंतीहून उजळ.
रंगारी परवा येतोय.
त्याला म्हणालो, एवढं सोडून रंगव.
तो म्हणाला, बरं नाही दिसणार.
खिळ्यावर बिलं आहेत. या महिन्याचं भरायचंय.