वारो किती लिटर

दर महिन्याच्या पाच तारखेला
देवगडच्या सोसायटीत मी परताव्याची वही उघडते.
पानांना डिझेलचा वास.
माझ्या डब्यातल्या घावनांनाही.

नौकेचे नाव, इंजिन नंबर, सिलिंडर किती,
किती लिटर उचलले, किती दिवस दर्यात.
शेवटच्या रकान्यात सरकारकडून येणे,
ते मागच्या शिमग्यापासून येणेच आहे.

'जलदुर्गा', सहा सिलिंडर.
खालोखाल इंद्रा खवळेची 'येसू', दोन.
जी जास्त पिते तिला जास्त मिळते,
हा हिशेब मी नाही ठरवला,
मी फक्त बेरीज करते.

गुणाजी सारंगाने एकदा कोरा फॉर्म मागितला.
त्याची होडी शिडाची.
इंजिन नंबरच्या चौकोनावर बराच वेळ बोट ठेवून बसला,
मग म्हणाला, "बाय, वारो किती लिटर लिवू?"
सगळे हसले.
मीही हसले, शिक्का शाईच्या गादीवर दाबत.

वर सड्यावर पवनचक्क्या.
काही फिरतात, काही नुसत्या उभ्या.
थांबलेल्या एकीवर काकणाने काटक्या रचल्यात,
तिला कुठलाच प्रस्ताव लागला नाही.

बायकांच्या गटाने लागवला होता:
सुंगटां सुकवायला उन्हावरचे यंत्र,
म्हणजे वाळूत कुत्री नकोत, माश्या नकोत.
फाइल ओरोसला गेली, तिथून मुंबईला,
चौदा महिन्यांनी एका ओळीसह परत आली:
'लेखाशीर्ष नमूद करावे.'
ऊन कुठल्या लेखाशीर्षाखाली येते
मला कोणी शिकवले नाही.
पार्वती मोंडकरीण अजून विचारते,
मी अजून 'बघूया' म्हणते.

आणि तरी परतावा बंद व्हावा असे
माझ्या तोंडून निघणार नाही.
माझा भाऊ 'जलदुर्गा'वर खलाशी.
परतावा आला की बर्फवाल्याची उधारी फिटते,
मग खलाशांचे पगार,
मग आमच्या घरचा गॅस.

एका संध्याकाळी, वही मिटायच्या आधी,
शेवटच्या नौकेखाली पेन्सिलीने लिहिले:
गुणाजी सारंग, होडी, वारा.
लिटरचा रकाना मोकळा.

ऑडिटला आलेला माणूस त्या ओळीवर थांबला.
"हे काय?"
"पेन्सिल आहे," म्हटले, "पुसता येते."
त्याने खोडरबर मागितला.
मी ड्रॉवर उघडला, शोधत राहिले.
तेवढ्यात लाइट गेली
आणि मागच्या खोलीत
कोणीतरी जनरेटरची दोरी ओढू लागले.