दोन बॅटऱ्या, एक चार्जर

ओरेस्ट आणि रायली दुकानात आले तेच भांडत.
त्याला हवं होतं पेट्रोलचं धूड,
दोरी ओढली की गल्ली उठवून बसवणारं.
तिला हवं होतं
गप्प राहून गवत कापेल असं काहीतरी.

मी म्हटलं, आधी बॅटरी निवडा, यंत्र मग.
खरी सोयरीक बॅटरीशीच.
मोवर, कुंपण छाटायची कात्री, पानं उडवायचा पंखा
ही सगळी तिच्या मागून येणारी बिऱ्हाडं.
हिरव्या कंपनीची बॅटरी
पिवळ्या कंपनीच्या घरात नांदत नाही.
एकदा घेतली की निभावायची.

थंडर बेमध्ये एकोणीस वर्षं
मी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आलोय.
रायलीने तेव्हा त्याच्याकडे पाहिलं.
तो किंमत वाचत होता.

हिरवा संच घेतला.
दुसरा चार्जरही घ्या, मी म्हटलं.
ओरेस्ट हसला,
एका घरात दोन चुली कशाला?

सहा उन्हाळे गेले.

मग मे महिन्यात त्याचा फोन.
नुसता चार्जर मिळेल का? हिरवा, जुना?
म्हटलं, ते मॉडेल बंद झालं.
पलीकडे नुसता श्वास.
मग म्हणाला, वाटणी झाली आमची.
मोवर माझ्याकडे, कात्री तिच्याकडे,
बॅटरी एकेक.
चार्जर कुणाला आठवलाच नाही.
वकिलाच्या यादीत 'इतर किरकोळ' लिहिलंय ना,
त्यात गेला. तिच्याकडे.

भाड्याच्या घरापुढे चादरीएवढं गवत,
तेही करारात : कापायचं भाडेकरूनेच.
म्हणून दर शनिवारी
शेजारच्या सीटवर बॅटरी ठेवून
तो गावाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा.
भरायला लागतात पन्नास मिनिटं.
पहिले दोन शनिवार गाडीत बसून काढले.
जूनमध्ये काळ्या माश्या आल्या,
त्यांनी त्याला गॅरेजात ढकललं.
पुढचं मला माहीत नाही.
एवढंच, की जुलैत तो कानस घ्यायला आला
आणि विचारलं,
कात्रीच्या पात्याला कुठलं तेल लावतात?
कात्री त्याच्याकडे नव्हती.
मी तेल दिलं.
म्हटलं, धार लावताना बॅटरी काढून ठेव,
आणि मोवरच्या पोटातलं ओलं गवत
त्याच दिवशी खरवड,
वाळलं की सिमेंट होतं.
तो म्हणाला, हो, तीही हेच म्हणते.

सप्टेंबरात परत आलेल्या मालाच्या खोक्यात
सापडला एक हिरवा चार्जर.
तोच. केबलला पिळ, पण चालू.
मी तो दोन दिवस पाइपांच्या गुंडाळ्यांमागे ठेवला.
का ठेवला, विचारू नका.
तिसऱ्या दिवशी फोन केला, धंदा तो धंदा.
ओरेस्ट आला. पैसे मोजले.
पावती नको म्हणाला.
पिशवी इतकी सावकाश उचलली
जशी तिच्यात अंडी होती.

ऑक्टोबर संपता संपता
सुपीरियरवरून बोचरा वारा सुटला,
आणि रायली आली, हातमोजे दातांनी ओढत.
हिवाळ्यात बॅटरी कशी ठेवायची?

मी नेहमीचं सांगितलं.
गॅरेजात नको, गारठ्यात तिचा जीव जातो.
घरात, कोरड्या जागी.
पूर्ण भरून नको, पूर्ण रिकामी तर नकोच,
चारपैकी दोन दिवे लागले की पुरे.
दोन महिन्यांनी एकदा बघायचं.
बाहेरून गार आणली तर लगेच चार्जरला लावू नका,
खोलीत ऊब धरू द्या तिला,
घाई नडते.

ती पाठीमागच्या कागदावर लिहून घेत होती.
दोन दिवे, तिने लिहिलं. खाली रेघ ओढली.
मग मान वर न करता :

आणि दोन बॅटऱ्या
एकाच कपाटात ठेवल्या तर चालतं?

मी गल्ल्यातली नाणी पुन्हा मोजायला घेतली.
चालतं, म्हटलं.
मध्ये थोडी जागा सोडा.