सत्तावीस मिनिटं

लाकडाच्या गाभ्यात छप्पन अंश,
सलग तीस मिनिटं.
एवढंच कलम मला पाठ आहे.
बाकीचा नियम कुठल्याशा थंड देशात लिहिला गेला,
त्याची झेरॉक्स भट्टीच्या दाराला चिकटवलीय,
कडा भाकरीसारख्या करपल्यात.

जळगाव एमआयडीसी. बाहेर मे महिना,
सावलीत सेहेचाळीस.
लोटन मिस्तरी म्हणतो, अजून दहा वाढू दे,
मग आपल्यावरही मारा शिक्का.

शिक्का म्हणजे चौकटीत गव्हाची ओंबी,
शेजारी देशाची दोन अक्षरं, आमचा नंबर
आणि एच टी. म्हणजे शेकलंय, विष दिलेलं नाही.
लाल शाई चालत नाही, केशरी चालत नाही.
साल राहिलीच, तर पट्टा तीन सेंटिमीटरच्या आत.
मी फूटपट्टी घेऊन बसतो.
सालीखालीच तर सगळ्यांचे संसार.

आंबा, सुबाभूळ, निलगिरी,
पाळधीच्या वखारीतून ट्रॅक्टरने येतात ओल्या फळ्या.
लोटन एकेक उचलून कानाला लावतो,
तंबाखू गालात थांबवून ऐकतो.
त्या रात्री म्हणाला, "निंबा, मझार कोनी शे."
मी म्हटलं, असू दे,
पहाटेपर्यंत नसेल.

सगळ्यात जाड ठोकळ्यांना भोकं पाडून सेन्सर खुपसले,
दार लावलं, स्क्रू आवळले.
कागदावरची रेघ चढत गेली,
दोन दहाला छप्पन.
दोन सदतीसला लाइट गेली.

जनरेटर होता. डिझेल नव्हतं.

सलग या शब्दाखाली कुणीतरी रेघ मारलेली आहे.
सलग म्हणजे पुन्हा पहिल्यापासून,
पुन्हा तीन तास तापवणं,
आणि गेटवर ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्नवर कोपर ठेवून.
लाइट आल्यावर रेघ खाली घसरलेली दिसली.
तो कागद मी फाडला. नवीन घेतला.
तीन मिनिटं हाताने काढली.
सही केली: निंबा भिरूड, रात्रपाळी.
अक्षर माझं चांगलं आहे.

त्या पॅलेटांवर ठिबकच्या नळ्या गेल्या,
न्हावाशेव्याहून बोटीने,
जिथे पाइनची जंगलं समुद्रापर्यंत येतात अशा एका बंदरात.
दोन महिन्यांनी फोटो आला.
निळ्या हातमोज्यावर एक अळी,
भिजलेल्या शेवईसारखी, वाकडी.
त्यांनीही फूटपट्टी लावली होती. चौदा मिलिमीटर.
पत्रात बरंच इंग्रजी होतं,
मालकांनी एकच शब्द मराठीत सांगितला:
जिवंत.

पॅलेटं तिथेच जाळायची, खर्च आमचा.
फेगडेसाहेब तपासणीला आले,
ताक प्यायले, रजिस्टर चाळलं.
ग्राफ चोख आहे, म्हणाले,
कीड नंतर शिरली असेल, बोटीवर, कुठेही.
मी मान हलवली.
लोटन रंधा मारत होता. हात न थांबवता म्हणाला,
"मझारच व्हता तो."
साहेबांना अहिराणी कळत नव्हती, की कळली, माहीत नाही.

तिचा विचार येतो मला, जेवताना.
माझ्या तीन मिनिटांवर
तिने अख्खा समुद्र ओलांडला.
अंधारात कुरतडत होती, वर ओंबीचा शिक्का,
माझ्या हमीखाली.
आणि तिथे कुणा परक्या माणसाचं रान.
त्या माणसाने कधी जळगावचं नाव ऐकलं नसेल,
आता ऐकलं.

काल बाविसाव्या मिनिटाला लाइट गेली.
गेटवर हॉर्न.
मी कोऱ्या कागदावर शून्य लिहिलं,
बाकड्यावर बसलो, घाम डोळ्यांत.
लोटनने काही विचारलं नाही, तंबाखू पुढे केली.
मागचं रजिस्टर कपाटात आहे.
त्यात अजून तीसच आहेत.