ओळखीची खूण

फेब्रुवारीत कार्निव्हल मडगावातून फिरतो
आणि एखाद्या चित्ररथावर
तोंडाला काजळ फासलेली चार पोरं
गवताचे झगे घालून नाचतात.
लोक टाळ्या वाजवतात. मीही वाजवायचे,
इनास आमच्या संस्थेत लागेपर्यंत.

इनास सिद्दी. हल्याळकडच्या रानातला.
"आमचे जुने लोक तुमच्याच गोव्यातून पळाले,"
पहिल्याच दिवशी चहा ओतता ओतता म्हणाला,
जणू विसरलेली छत्री न्यायला आलाय.

आमचं ऑफिस बेकरीच्या माळ्यावर.
खाली पाव भाजतात, वर आम्ही
पोलिसांनी उचललेल्या पोरांचे कागद करतो.
कुणी मोबाइल चोरलेला, कुणी स्कूटर,
कुणाचा गुन्हा एवढाच
की रात्री दोनला तो रस्त्यावर होता
आणि घर म्हणून दाखवायला बोट नव्हतं.

सिंथिया मॅडम म्हणाल्या, आपणही
एक दिवस पाळूया यंदा,
जहाजात कोंबून इथे आणलेल्या माणसांचा.
पोस्टर करू, केक आणू.
इनास, तू दमाम वाजवशील ना?

इनासने स्टेपलर खाली ठेवला.
वाजवेन, म्हणाला, मला आवडतं वाजवायला.
पण आमच्यातला माणूस तुम्हाला
दरवेळी ढोलासकटच का लागतो?

केक रद्द झाला.
(मला जरा वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू.)

मग तीन शनिवार तो पणजीच्या दप्तरखान्यात बसला,
सोबतीला बेर्नार्द मास्तर,
ज्यांना जुनं पोर्तुगीज भिंगातून वाचता येतं.
हाती लागलं ते एकच पान. त्याची झेरॉक्स
त्याने माझ्या टेबलावर ठेवली.

जुवांव. मोझांबिकचा. वय बारा. दात पुरे.
डाव्या दंडावर डाग.
मारिया. वय अंदाजे नऊ. खोकते.
आडनावाला रकानाच नव्हता.
किमतीला होता.

शेजारी माझा फॉर्म उघडा पडलेला.
नाव. वय अंदाजे. वर्ण. ओळखीची खूण.
अकरा वर्षं भरतेय मी तो,
माझ्या अक्षराचं कोर्टातसुद्धा कौतुक होतं.
त्या आठवड्यात वर्णाचा रकाना मी कोरा सोडला.
फॉर्म परत आला. लाल शेरा: अपूर्ण.

तो दिवस आम्ही बालगृहातच पाळला.
पंख्याखाली सतरंजी, चौदा पोरं,
दोन जांभया देणारे शिपाई.
इनास उभा राहून ते पान वाचत गेला,
एकेक नाव, मग थोडं थांबणं,
जसं हजेरी घेताना थांबतात
कुणी "हजर" म्हणेल म्हणून.

मागच्या रांगेत तो होता.
शिपाई त्याला खाप्रो म्हणतात, रंगावरून.
वळणावरच्या वडाखाली ज्याला विडी पेटवून ठेवतात
तो देवही खाप्रोच.
देवाला भितात. पोराला हसतात.

तो म्हणाला, माझं पण वाच.

मी मध्ये पडले. बाळा, तुझं नाव
असं चारचौघांत घेता येत नाही,
कायदा आहे, तुझ्याच भल्यासाठी.
हे मी शेकडो वेळा सांगितलंय
आणि ते खरंच आहे.
तो पानाकडे बोट करून म्हणाला,
ह्यांची नावं पण भल्यासाठीच पुसली?

मला उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही.

पोरं जेवायला गेल्यावर
इनासने दार लोटलं. आम्ही तिघंच.
त्याने झेरॉक्स उलटी केली, कोऱ्या बाजूकडे बघत
ते नाव वाचलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट,
सावकाश, उभं राहून.

इथे लिहिता येत नाही ते मला.
एवढंच सांगते, त्यात एक ळ आहे,
इनासच्या जिभेवर त्याचा ल झाला,
आणि तो पोरगा, आठ महिन्यांत
एकदाही वर न बघितलेला,
वर बघून म्हणाला,
चुकलं. परत वाच.