कोपराखालचा हात

देवी आडवी ठेवली आहे
बाबल गुरवाच्या खळ्यात, गोणपाटावर.
सतरा दिवस झाले.
रोज सकाळी मी तिच्या अंगावर
कागदाचा ओला लगदा थापते,
ताप आलेल्या पोरीच्या कपाळावर
पाण्याची घडी ठेवावी तशी,
आणि सुकला की सोलून काढते.
लगद्यात उतरतं तिचं मीठ.

गावात तलवारीची गोष्ट सांगतात.
भिंगातून मला तलवार दिसली नाही.
खाडीचा वारा दिसला,
दगडात शिरलेला, आत स्फटिक झालेला,
आतूनच ढकलत राहिलेला.
नाक असं गेलं.
मग कुणीतरी मायेने सिमेंटचं नाक बसवलं.
त्याने गालही नेला.

बुडवायची की बरी करायची,
बाबलने कौल लावला होता.
आधी डावी पाकळी सुटली.
'वारो होतो,' म्हणाला,
आणि पुन्हा लावला.

उजवा हात कोपरापासून नाही.
आमच्यात नियम आहे:
जे ठाऊक नाही ते घडवायचं नाही.
हे मी बाबलला तीनदा सांगितलं.
तो तीनदा म्हणाला,
'हात नाय तर ती देतली कशी?'

अठराव्या दिवशी सत्यवती कुबल आली.
पदराखाली काहीतरी जड.
सासऱ्याच्या वेळेपासून
जाळ्याला बांधायचा धोंडा.
धुतल्यावर बोटं निघाली. तळवा.
मनगटावर दोन बांगड्या,
आणि तिसरीसारखी दिसणारी
दोरीने झिजवलेली खाच.

लावून पाहिला.
खळ्यातली पोरंसुद्धा गप्प.
बसला नाही.
दगड वेगळा, तुटलेली कड वेगळी,
पंजा हिच्यापेक्षा बोटभर मोठा.
बाबल म्हणाला, 'जरा घासून बघा.'
मी नाही म्हटलं.
तो उठून गाय बांधायला गेला.

सत्यवतीने हात परत पदरात घेतला,
झोपलेलं मूल घेतात तसा, खालून आधार देऊन.
'म्हणजे दुसरी एक आसा खंय तरी,' म्हणाली.

खरं तर तो मी ठेवून घ्यायला हवा होता.
क्रमांक, मोजमाप, सापडल्याची जागा.
वहीत एक ओळ कोरी आहे.

संध्याकाळी एकोणिसाव्या दिवसाचा
कागद भिजत घातला
आणि धक्क्यावर गेले.
होडी तोंडापाशी पोचली होती.
जाळं सुटत होतं, हातभर, हातभर,
आणि खालच्या दोरीला बांधलेला
तो उघड्या तळव्याचा हात
पाण्यात उतरला
चाचपडत.